लहान हस्तव्यवसायाची उभारणी आणि तरुण कारागीर : कोल्हापुरी वहाणेच्या धंद्यावरून एक विवेचन

थोडे भांडवल, थोडे कसब आणि पुष्कळसे धाडस एवढ्या सामग्रीवर लहान धंदा उभा राहतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. तरुणांना उद्योगाकडे वळविण्यासाठी जी व्याख्याने होतात, त्यांत या तिहींपैकी धाडसाचा महिमा विशेष वर्णिला जातो. तथापि हस्तव्यवसायांचा अभ्यास करणाऱ्यास असे दिसून येते की, बुडालेल्या लहान धंद्यांपैकी पुष्कळांत कसबाची उणीव नव्हती आणि धाडसाचीही नव्हती. उणीव होती ती हिशेबाची, आणि त्या हिशेबातही विशेषतः काळाच्या हिशेबाची. पैसा आज बाहेर पडतो आणि पुष्कळ दिवसांनी परत येतो. या मधल्या दिवसांचा भार कोणी सोसावयाचा, हा लहान धंद्याच्या अर्थशास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न होय. प्रस्तुत लेखात कोल्हापुरी वहाणेचा धंदा उदाहरणादाखल घेऊन या प्रश्नाची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. पूर्वपीठिका

हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची मीमांसा मराठी अभ्यासकांना नवी नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील आपल्या १९२४ च्या ग्रंथात नागर कलाकौशल्यांच्या अवनतीची कारणे सांगताना देशी दरबारांचा अस्त, परकीय सत्तेबरोबर आलेला अभिरुचीतील पालट आणि यंत्रोत्पादित मालाची स्पर्धा यांवर भर दिला होता. १९३० साली पुण्यास स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने या प्रश्नाचा क्षेत्रीय अभ्यास पुढे चालविला, एन्. एम्. जोशी यांचा मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील नागर हस्तव्यवसायांवरील १९३६ चा ग्रंथ त्या परंपरेतीलच आहे. पुढे १९५५ मध्ये द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघुउद्योग समितीने दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या संदर्भात विकेंद्रित उत्पादनाचा पुरस्कार केला.

या मीमांसेच्या प्रकाशात पाहता कोल्हापुरी वहाणेची गोष्ट काहीशी निराळी दिसते. जे धंदे केवळ दरबारच्या मागणीवर पोसले गेले, ते दरबाराबरोबर खालावले. वहाणेचे मुख्य गिऱ्हाईक मात्र शेतकरी व सामान्य गृहस्थ होते. करकर वाजणारे जाड पायताण हा त्यांच्या नित्याच्या वापराचा पदार्थ असल्यामुळे धंद्याचा पाया रुंद राहिला. पुढे रबर व प्लास्टिक यांच्या स्वस्त पादत्राणांनी हा पाया पोखरला, आणि रोजच्या वापराची वस्तू हळूहळू हौसेची व सणासमारंभाची झाली. आज या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला आजोबांचे गिऱ्हाईक मिळणार नाही. त्याचे गिऱ्हाईक दूरच्या शहरात राहणारे, नमुन्यांविषयी चोखंदळ आणि ऋतूप्रमाणे बदलणारे आहे.

२. वस्तूची घडण

धंद्याचे अर्थशास्त्र त्याच्या कृतीतून निघते. म्हणून कृतीचे थोडे वर्णन आवश्यक आहे. कोल्हापुरी वहाणेचे कातडे परंपरेने वनस्पतिजन्य द्रव्यांनी, मुख्यतः बाभळीची साल व हिरडा यांनी, कमावलेले असते. कातड्याची पिशवी शिवून तीत साल व हिरडा यांचे पाणी भरावयाचे, ती टांगून ठेवावयाची आणि पाणी झिरपू द्यावयाचे, ही जुनी पद्धत होय. क्रोमने कमावलेले कातडे फार लवकर हाती येते. या पद्धतीत मात्र आठवडे मोडतात. तळासाठी जाड कातडे, पट्ट्यासाठी त्याहून मऊ आणि वेणीसाठी बकऱ्याचे पातळ कातडे वापरतात. कापणी रापीने होते, भोके आरीने पाडतात, आणि शिवण कातड्याच्या वादीने घालतात. अस्सल कामात खिळा मारीत नाहीत. वेणी गुंफणे व नक्षीकाम ही कामे पुष्कळ अंशी स्त्रिया घरी बसून करतात.

या वर्णनातून तीन आर्थिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, यंत्रसामग्री अल्प असल्यामुळे स्थिर भांडवल थोडे लागते, आणि म्हणून धंद्यात शिरणे सोपे असते. दुसरा असा की, कातडे कमावण्याचा काळ दीर्घ असल्यामुळे कच्च्या मालाचा साठा करावा लागतो. तिसरा असा की, वनस्पतींनी कमावलेले कातडे पाणी शोषते; त्यामुळे पावसाळ्यात वाळवणीही अडते व विक्रीही मंदावते. महाराष्ट्रात २०१५ मध्ये अमलात आलेल्या पशुसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशी त्या बंदीतून वगळलेल्या आहेत. या बदलानंतर काही प्रकारच्या कातड्याचा स्थानिक पुरवठा आटला आणि बाहेरून, विशेषतः तामिळनाडूतून, येणाऱ्या कातड्यावर अवलंबून राहणे वाढले. पुरवठा दुरून होऊ लागला म्हणजे साठा आणखी मोठा ठेवावा लागतो, हे उघड आहे.

३. परिव्यय आणि स्वतःची मजुरी

आता एका काल्पनिक तरुणाचा हिशेब मांडू. पुढील आकडे पाहणीतून घेतलेले नाहीत. विवेचनाच्या सोयीसाठी ते गृहीत धरले आहेत. वाचकाने आपल्या माहितीप्रमाणे ते बदलावेत; युक्तिवादाचा ओघ बदलणार नाही.

हा तरुण दरमहा १०० जोड तयार करून घेतो. दर जोडास कातडे व इतर माल यांचा खर्च ४०० रुपये आणि कारागिरांची मजुरी ३५० रुपये येते. जागेचे भाडे, वीज, वाहतूक, हत्यारांचा घसारा इत्यादी मिळून महिन्यास १०,००० रुपये, म्हणजे जोडामागे १०० रुपये पडतात. तो स्वतः दिवसभर राबतो. तेवढ्याच कामासाठी दुसऱ्याकडे त्यास १५,००० रुपये मिळाले असते, म्हणजे जोडामागे आणखी १५० रुपये झाले. एकूण परिव्यय १,००० रुपये.

दुकानदार त्यास जोडामागे ९०० रुपये देऊ करतो आणि तो आनंदाने होकार देतो. कारण त्याच्या मनातील हिशेब निराळा असतो. खोली घरची, म्हणून भाडे नाही. हत्यारे वडिलांची, म्हणून घसारा नाही. राबणे स्वतःचे, म्हणून मजुरी नाही. माल ४०० व मजुरी ३५० वजा जाता जोडामागे १५० रुपये, महिन्यास १५,००० रुपये नफा झाला असे त्यास वाटते. वस्तुतः या १५,००० रुपयांतून १०,००० रुपयांचा वरखर्च भागवून त्याच्या श्रमाला ५,००० रुपये उरतात. नफा तर नाहीच. मजुरीही एक तृतीयांश पदरात पडली. घरातील आई, पत्नी किंवा बहीण वेणी गुंफीत असेल आणि तिची मजुरी कोठेच मांडलेली नसेल, तर तूट याहूनही मोठी असते.

ही चूक केवळ अडाणीपणाची नाही. ज्या धंद्यात शिरणे सोपे असते, तेथे न मोजलेल्या कौटुंबिक श्रमावर जगणारी अनेक घरे एकमेकांशी स्पर्धा करीत असतात, आणि बाजारभाव त्या न मोजलेल्या श्रमाच्या पातळीवर येऊन ठेपतो. मग जो काटेकोर हिशेब करतो, त्याचा माल महाग ठरतो. म्हणून आपली मजुरी मोजणे एवढ्याने तरुणाचे काम भागत नाही. ती देऊ शकेल असे गिऱ्हाईक शोधणे हे त्याचे खरे उद्योजकत्व होय.

४. खेळते भांडवल

हत्यारे, शिवणयंत्र व किरकोळ साधने यांसाठी या तरुणास ४०,००० रुपये लागले असे धरू. धंदा काढताना त्याच्या डोळ्यांपुढे हीच रक्कम असते. आता पैशाचा प्रवास पाहू. कातडे विकत घेतल्यापासून वापरात येईपर्यंत ३० दिवस, घडणीस १५ दिवस, तयार माल उचलला जाईपर्यंत १५ दिवस, आणि दुकानदाराच्या उधारीचे ६० दिवस, असे एकूण १२० दिवस होतात. म्हणजे कातड्यात घातलेला रुपया चार महिन्यांनी परत येतो. मजुरी जोड तयार होताच द्यावी लागते. तो रुपया ७५ दिवसांनी, म्हणजे अडीच महिन्यांनी येतो. वरखर्च व स्वतःचा चरितार्थ यांनाही हेच प्रमाण लावू.

या हिशेबाने कातड्यात १,६०,००० रुपये, मजुरीत ८७,५०० रुपये, वरखर्चात २५,००० रुपये आणि घरखर्चात ३७,५०० रुपये, असे एकूण ३,१०,००० रुपये सदैव अडकून राहतात. ज्याने ४०,००० रुपयांत धंदा निघतो असे मानले, त्यास तीन लाखांहून अधिक रक्कम उभी करावी लागते. ती जवळ नसली म्हणजे तो एकतर सावकाराकडे जातो, किंवा ज्या व्यापाऱ्यास माल द्यावयाचा त्याच्याकडूनच कातडे व उचल घेतो. या दुसऱ्या मार्गाने स्वतंत्र कारागिराचे रूपांतर नकळत मजुरात होते, कारण यापुढे भाव ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे उरत नाही. दरमहा शेकडा दोन या दराने ३,१०,००० रुपयांवर ६,२०० रुपये व्याज होते, म्हणजे जोडामागे ६२ रुपये. त्याच्या स्वतःच्या मजुरीचा दोनपंचमांशाहून अधिक भाग व्याजातच जातो. दरसाल शेकडा १२ या दराने हाच भार निम्मा, ३१ रुपये, होतो.

परंतु व्याजाच्या दराहूनही प्रभावी असे दुसरे साधन त्याच्या हाती आहे. उधारी ६० दिवसांवरून १५ दिवसांवर आली, तर प्रत्येक रुपया दीड महिना आधी परत येतो, आणि लागणारे भांडवल ३,१०,००० वरून १,६०,००० रुपयांवर उतरते. स्वस्त कर्ज मिळविण्याच्या खटपटीत तरुण जेवढे दिवस घालवितात, त्याच्या अर्धे दिवस उधारीची मुदत कमी करण्यात घातले तर लाभ अधिक होईल, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

केंद्र शासनाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत पादत्राण कारागिरांचा समावेश आहे. तीत दरसाल शेकडा ५ या सवलतीच्या दराने प्रथम १ लाख व त्याची फेड झाल्यावर २ लाख रुपये कर्जाची तरतूद आहे. पहिल्या एक लाखात आपल्या तरुणाचा १०० जोडांचा धंदा बसत नाही. त्याने उत्पादन ६० जोडांवर आणले व उधारी १५ दिवसांची ठेवली, तर कातड्यात ६०,००० व इतर बाबींत ४६,००० असे १,०६,००० रुपये लागतील. हे जवळपास आवाक्यात आहे. मात्र भाडे व स्वतःची मजुरी आता ६० जोडांवर विभागली जात असल्याने परिव्यय १,००० वरून सुमारे १,१६७ रुपयांवर चढतो. भांडवल वाचवावे तर भाव वाढवावा लागतो. भाव खाली ठेवावा तर भांडवल वाढवावे लागते. लहान धंद्याच्या प्रारंभीची ही कोंडी केवळ उत्साहाने सुटत नाही. तीतून वाट काढावयाची ती बाजाराच्या बाजूने.

५. बाजार

दुकानदारास टाळून थेट गिऱ्हाइकास माल विकावा, हा उपाय सर्वांस सुचतो. प्रदर्शने व इंटरनेट यांमुळे तो सुलभही झाला आहे. थेट विक्रीत रोख मिळते व भावही चांगला येतो. परंतु पादत्राणांच्या धंद्यात मापांची एक विशेष अडचण आहे. साडी एकाच मापाची असते, वहाण तशी नसते. पाच नमुने, प्रत्येकाचे दोन रंग, सहा मापे आणि मापागणिक तीन जोड ठेवावयाचे म्हटले, तर १८० जोडांचा साठा होतो. १,००० रुपये परिव्ययाने तेथेच १,८०,००० रुपये गुंतले. दोन नमुने व एक रंग एवढ्यावर भागविले, तर ३६ जोड पुरतात. नवा उद्योजक विविधतेने गिऱ्हाइकास भुलवू पाहतो आणि स्वतःच साठ्याखाली दबतो. प्रारंभी नमुने थोडे, माप घेऊन मागणीप्रमाणे घडण, आणि मागणीबरोबर काही रक्कम आगाऊ, हा क्रम अधिक शहाणपणाचा होय. कोल्हापुरातील चप्पल लाईनीत भरलेले दुकान मांडणे हे पुष्कळ पुढचे पाऊल आहे.

दुकानदारास माल देणे सर्वस्वी टाळता येत नाही, आणि तेथे कायद्याचे साहाय्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. या संरक्षणासाठी १ जुलै २०२० पासून सुरू झालेली विनाशुल्क 'उद्यम' नोंदणी करून घेणे हिताचे असते. तथापि कायद्याचा हक्क असणे व तो बजावता येणे यांत अंतर आहे. ज्याची दोनच गिऱ्हाइके आहेत, तो त्यांपैकी एकाविरुद्ध दाद मागावयास जात नाही. म्हणून एकाच दुकानदारावर विसंबून न राहणे ही या कायद्याचा लाभ घेण्याची पूर्वअट ठरते.

कराच्या बाबतीत लहान उत्पादकाची स्थिती तुलनेने सुसह्य आहे. मालाच्या विक्रीवरील वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आवश्यक नसते. राज्याबाहेर माल पाठविणाऱ्याने मात्र आपल्यास लागू होणाऱ्या अटी आधी तपासून पाहाव्यात. जोडास २,५०० रुपयांपर्यंत किंमत असलेल्या पादत्राणांवरील कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ५ झाला आहे.

६. नावाचे मूल्य

कोल्हापुरी वहाणेस २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली. ही नोंदणी महाराष्ट्र व कर्नाटक यांची संयुक्त आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे तीत येतात. अथणी व निपाणी येथील कारागिरांचा या धंद्यातील वाटा लक्षात घेता हे न्याय्यच होय.

या नोंदणीने काय मिळते व काय मिळत नाही, याविषयी बराच गोंधळ आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील 'प्रादा' या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी वहाणेसारखी पादत्राणे मांडली. प्रारंभी भारताचा उल्लेख नव्हता, टीका झाल्यावर कंपनीने या परंपरेचे ऋण मान्य केले. त्या वेळी भौगोलिक निर्देशाचा भंग झाला असे अनेकांनी म्हटले. परंतु १९९९ च्या कायद्याने संरक्षण मिळते ते नावाला, आकाराला नव्हे. 'कोल्हापुरी' हे नाव न लावता कोणी तसा आकार घडविला, तर केवळ या कायद्याने त्यास अडविणे कठीण आहे. आकाराचे संरक्षण करणारा २००० चा कायदा नावीन्याची अट घालतो, आणि पिढ्यान्पिढ्या चालत आलेली घडण नवी ठरत नाही.

तरुण कारागिराच्या दृष्टीने यातून व्यावहारिक बोध एवढाच की, निर्देश समूहाच्या नावे असला तरी तो वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाने स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ती केल्यावर यंत्रात घडलेल्या, कृत्रिम कातड्याच्या मालास 'कोल्हापुरी' म्हणून विकणाऱ्यांपासून आपला माल वेगळा दाखविता येतो. नोंदणीमुळे भाव आपोआप वाढत नाही. वाढीव भाव मागण्यास एक आधार मिळतो, आणि तो टिकतो मालाच्या दर्जावर.

७. उद्योजक कोण

शेवटी एका नाजूक प्रश्नाचा निर्देश केला पाहिजे. चामड्याचे काम ज्या जातींनी पिढ्यान्पिढ्या केले, त्यांना त्या कामाबद्दल समाजाने मान दिला नाही, अप्रतिष्ठा दिली. त्या घरांतील शिकलेला मुलगा किंवा मुलगी या धंद्यापासून दूर जाऊ इच्छीत असेल, तर त्यास परंपरेचे प्रेम नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे, भांडवल व शहरी ओळखी असलेला बाहेरचा तरुण या धंद्यात येतो, नमुने व विक्री आपल्याकडे ठेवतो आणि घडण जुन्या कारागिराकडे मजुरीवर सोपवितो. दोघांनाही आपण 'तरुण उद्योजक' म्हणतो. त्यांच्या उद्योगाचे सामाजिक परिणाम मात्र भिन्न असतात. पहिल्याच्या हाती कसब आहे व भांडवल नाही. दुसऱ्याची स्थिती उलट आहे. दोघांत भागीदारी झाल्यास ती उपकारक ठरेल. पण तीत कारागिराचा वाटा मजुरीच्या रूपाने नव्हे, तर नफ्याच्या हिश्श्याच्या रूपाने ठरला पाहिजे.

या विषयात संशोधनास पुष्कळ वाव आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. ओसरीवर बसून वेणी गुंफणारे कुटुंब व दहा कोटींचा कारखाना एकाच वर्गात मोडत असल्यामुळे या वर्गाच्या सरासरीवरून कारागिराविषयी काहीच निष्पन्न होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पंचवीस-तीस कुटुंबांच्या पैशाचा प्रवास, कातडे घेतल्या दिवसापासून किंमत हाती येईपर्यंत, वर्षभर तारखांनिशी नोंदविला, आणि त्याबरोबर घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, श्रमाचे तास मांडले, तर वर गृहीत धरलेल्या आकड्यांच्या जागी खरे आकडे येतील. पावसाळ्याचे चार महिने या नोंदींतून वगळू नयेत. कारण धंदा टिकतो की मोडतो याचा निर्णय पुष्कळदा त्याच महिन्यांत होतो.